दुर्बीण घेऊन साखळीहून केरीला

गोव्याला निघालो आहोत असं सांगितलं की कोल्हापुरात लोक पहिला प्रश्न विचारतात, कुठल्या बीचला? मी साखळी म्हणाले तेव्हा शेजारच्या वहिनींना वाटलं, मी काहीतरी लपवते आहे. डिचोली तालुक्यातलं साखळी हे काही सुट्टीला जायचं गाव नव्हे. तिथे बाजार आहे, शाळा आहेत, पणजीला जाणाऱ्या बसेस आहेत आणि खाणींच्या दिवसांतली तांबडी धूळ अजून कुठे कुठे झाडांच्या पानांवर आहे. त्यात आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन रजयांत गुंडाळलेली चार फुटी पत्र्याची नळी पाहून वहिनींनी पुढे काही विचारलंच नाही.

ती नळी म्हणजे आमची दुर्बीण. मी निवृत्त होईपर्यंत कोल्हापूरजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. मधल्या एका वर्षी बारावीच्या मुलांच्या डोक्यात आलं, की पुस्तकात छापलेली दुर्बीण आपणच बनवून पाहू. सहा इंची जाड काच आणली, कार्बोरंडमची पूड आणली, आणि कॉलेज सुटल्यावर लॅबच्या मागच्या व्हरांड्यात काचेवर काच घासायला बसलो. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते, खालची फुगीर. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात भरून येतात आणि दिवसाअखेरी काही बदललेलं दिसत नाही. आठवड्याभरात बरीच मुलं पांगली. सुलभा शेवटपर्यंत टिकली. त्या आरशाची निम्मी झीज तरी तिच्या हातची आहे.

ही सुलभा लग्न होऊन साखळीला गेली आणि तिथल्या एका हायर सेकंडरीत फिजिक्स शिकवू लागली. यंदा बोर्डाची प्रॅक्टिकल तोंडावर आली असताना तिचा फोन आला. मुलं टेलिस्कोपची आकृती सुरेख काढतात, सूत्र घडाघडा म्हणतात, पण त्यांच्यापैकी एकानेही दुर्बिणीला कधी डोळा लावलेला नाही, असं ती सांगत होती. मग जरा थांबून म्हणाली, "बाई, आपला आरसा आहे ना अजून?"

'आपला' म्हणाली, तिथेच माझं जायचं ठरलं.

घाट उतरताना

आम्ही बेळगावकडून चोर्ल्याचा घाट उतरलो. गाडी माझे यजमान, अरविंद, चालवत होते. प्रत्येक वळणावर ते पाठीमागच्या नळीला "सांभाळून हां" म्हणत होते, मला नाही. घाट संपता संपता रस्त्याच्या कडेला 'केरी' अशी पाटी दिसली आणि मी हरखले. सुलभाने शेवटच्या दिवशी केरीच्या किनाऱ्यावर नेणार असं कळवलं होतं. म्हटलं, समुद्र इतक्या जवळ? अरविंदनी गाडी थांबवून एका दुकानदाराला समुद्राचा रस्ता विचारला. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग नंबरप्लेटकडे पाहिलं, आणि फार सौजन्याने सांगितलं की ही सत्तरी तालुक्यातली केरी. समुद्राची केरी वेगळी, ती पेडण्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला. इथून समुद्र बघायचा तर अजून बराच गोवा ओलांडावा लागेल. अरविंदनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि मग दोघेही हसत सुटलो.

साखळी

सुलभाच्या केसांत पांढऱ्या बटा आल्या आहेत, पण दारात तिने पहिल्यांदा मला नमस्कार केला आणि दुसऱ्या क्षणी रजई उलगडायला घेतली. आरसा तिने उजेडाकडे धरून तिरका करून पाहिला. कडेला बारीक ओरखडा आहे, तो तिला आठवत होता. तिच्या मैत्रिणीची बांगडी लागली होती, म्हणाली.

घाटाने आपलं काम केलं होतं. आरसा जागेवरून किंचित हलला होता, आणि असा आरसा असला की तारा ठिपक्यासारखा न दिसता शेपटी फुटल्यासारखा दिसतो. तो सरळ करायची रीत सोपी पण चिकाटीची आहे. आयपीस, म्हणजे डोळ्याशी असलेलं भिंग, काढून तिथून आत डोकवायचं, आणि खालच्या आरशात आपलाच डोळा बरोबर मधोमध दिसेपर्यंत तळचे स्क्रू फिरवायचे. मी डोळा लावून उभी, सुलभा जमिनीवर बसून स्क्रूवर. जरा डावीकडे, आता थोडं मागे, जास्त झालं. तिच्या यजमानांनी चहा आणून ठेवला तो निवून गेला. डोळा मधोमध आला तेव्हा बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या.

सकाळी मात्र साखळीने आमचे लाड केले. पाववाला, म्हणजे इथला पोदेर, सायकलचा भोंगा वाजवत आला. त्याच्या टोपलीत उंडे नावाचे कडक पाव होते आणि कोंड्याच्या पोळ्या होत्या. पोळी म्हटल्यावर अरविंद पुरणपोळीच्या आशेने पुढे सरसावले, पण ही पोळी म्हणजे आत पोकळ, वर पीठ भुरभुरलेला गोल पाव. बाजारातल्या एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खाल्ला. आमच्या मिसळीसारखा तो अंगावर येत नाही. ओल्या खोबऱ्याचा हात पडलेला असतो, त्यामुळे तिखटही समजुतीने वागतं. अरविंदनी दुसरी प्लेट मागवली आणि मग ही गोष्ट कोल्हापुरात कुणाला सांगू नको म्हणाले.

कॉलेजात मुलं आमच्याकडच्यापेक्षा कमी लाजतात, असं मला वाटलं. मला सगळी 'टीचर' म्हणत होती. मी फळ्याकडे न जाता दोन भिंगं आणि एक मीटरपट्टी घेऊन खिडकीपाशी गेले. खिडकीला ती जनेल म्हणतात. लांब नाभीय अंतराचं भिंग बाहेरच्या बाजूला धरलं, आखूड नाभीय अंतराचं डोळ्याशी, आणि मुलांना एकेक करून समोरच्या टेकडीवरचा मोबाइलचा मनोरा दाखवला. मनोरा मोठा झाला आणि उलटा झाला. हीच दुर्बीण. लांबचं भागिले आखूड म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे नळीची लांबी. सूत्र त्यांना पाठच होतं. ते हातात धरता येतं, हे त्यांना नवं होतं.

मग मी नेहमीचा फसवा प्रश्न टाकला. चांगली दुर्बीण म्हणजे कुठली? जास्त मोठं दाखवणारी, असं बहुतेकांनी सांगितलं. डावीकडच्या अगदी कडेच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. काटकुळी, दोन वेण्या, बोलताना मान किंचित वळवून बोलणारी. तिचं नाव तन्वी. तिने विचारलं, की तसं असतं तर लोक मोठमोठे आरसे का बनवतात? बारकं भिंग घेऊन आयपीस आखूड आखूड करत गेलं की झालं. ती उत्तर विचारत नव्हती, वर्गाची चूक मला सभ्यपणे दाखवत होती.

त्या मुलीमुळे तास रंगला. दुर्बिणीचं पहिलं काम उजेड गोळा करण्याचं, हे त्यांना रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात त्या, जाळ्यावरून सांगितलं. जाळं जितकं पसरट तितकी मासळी जास्त, आणि आरशाचा व्यास दुप्पट केला की उजेड चौपट. दुसरं काम, जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवण्याचं. त्यासाठी साखळीच्या मुलांना उदाहरण शोधायला लागत नाही. संध्याकाळी लांबून येणाऱ्या ट्रकचा एकच दिवा दिसतो. तो जवळ आला की एकाचे दोन होतात. मोठ्या आरशाला ते दोन दिवे लांबूनही दोन दिसतात. नुसतं मोठं करून काही होत नाही, एकच धूसर दिवा मोठा धूसर होतो. आणि भिंगाऐवजी आरसा का, तर भिंगाच्या कडेने रंगांची झालर येते, आरशाला ती येत नाही, शिवाय आरशाला मागून पूर्ण टेकू देता येतो. तन्वीने एवढं सगळं पुस्तकाच्या समासात बारीक अक्षरात लिहून घेतलं.

गच्चीवर

त्याच दिवशी सूर्य बुडाल्यावर कॉलेजच्या गच्चीवर दुर्बीण लावली. आधी पश्चिमेला शनी दाखवला. पुस्तकातला शनी हॅट घातल्यासारखा असतो. यंदा त्याची कडी आपल्याकडे जवळजवळ धार करून आहेत, त्यामुळे मुलांना एक पिवळसर थेंब आणि त्यातून आरपार गेलेली बारीक रेघ तेवढी दिसली. एकाने पुस्तकातला शनी कुठे गेला म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुस्तकातला पुस्तकात आहे, हा खरा आहे. काही वर्षांनी कडी पुन्हा उघडतील.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. चंद्र पूर्वेला चांगला वर आला तेव्हा मी पिशवीतून काळा पुठ्ठा काढला. हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो आणि मुलं हमखास चुकतात. मी सांगितलं, की नळीच्या तोंडावर अर्धा पुठ्ठा लावून आरशाचा अर्धा भाग मी आता झाकणार. चंद्र कसा दिसेल?

अर्धा, असं सगळी एका सुरात म्हणाली. वरचा अर्धा जाईल की खालचा, यावर वाद सुरू झाला. प्रतिमा उलटी असते, म्हणून खालचा, असं हुशार मुलांचं मत पडलं. तन्वी कठड्याला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अर्धो दिसाचो नाय, टीचर. सगळो दिसतलो."

कशावरून, असं मी विचारलं. बाईंच्या सवयीने विचारलं, दुसरा काही हेतू नव्हता.

"माका एकाच डोळ्यान दिसता," ती म्हणाली. "चंद्र माका कधी अर्धो दिसलो नाय."

तिच्या शेजारी दोन वर्षं बाकावर बसणारी मैत्रीण तिच्याकडे वळून पाहत राहिली. सुलभाने माझ्याकडे पाहिलं, आणि तिलाही हे आत्ताच कळतं आहे हे मला समजलं. तन्वीच्याही तोंडून ते निसटून गेलं असावं, कारण तिने लगेच ओठ मिटले.

मला त्या क्षणी एकच सुचलं. मुलीच्या डोळ्याबद्दल न बोलता तिच्या उत्तराबद्दल बोलायचं. मी म्हटलं, बरोबर आहे. आरशाचा प्रत्येक तुकडा सबंध चंद्राची प्रतिमा बनवतो. अर्धा झाकला तर उजेड निम्मा होईल, चंद्र पुराच राहील. मग पुठ्ठा लावला आणि पहिला डोळा तन्वीला लावायला सांगितला. ती उजव्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिली. बाकीची मुलं रांगेत थांबली होती, पण कुणी घाई केली नाही. पुरा आहे, जरा मंद आहे, असं तिने वही वाचून दाखवावी तसं सांगितलं, आणि मागे सरली. आम्ही आवराआवर केली तोवर ती निघून गेली होती.

इब्रामपूर

दुसऱ्या दिवशी तन्वी कॉलेजात आली नाही. सुलभाने तिच्या मैत्रिणीला एका बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. लॅबमध्ये टाचण्यांनी आरशाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग असतो, तिथे तन्वी नेहमी आकडे लिहून घ्यायची आणि टाचण्या जुळवायचं काम मैत्रिणीकडे द्यायची. वर्गातला डाव्या कडेचा बाक तिने पहिल्याच दिवशी मागून घेतला होता, म्हणजे सगळा वर्ग तिच्या दिसत्या बाजूला यावा. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एकट्याने जुळवावं लागतं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की टाचण्या जुळवायला दोन्ही डोळे लागतात, एक अधू असला तर परीक्षक हाकलतो. ती साखळीत मामाकडे राहून शिकते. मामांना फोन केला तर कळलं, की ती सकाळच्या बसने इब्रामपूरला घरी गेली आहे आणि प्रॅक्टिकल देणार नाही म्हणते आहे. प्रॅक्टिकल नाही तर बारावी नाही.

अरविंदनी काही न विचारता गाडीची किल्ली उचलली.

डिचोली मागे पडली तसा रस्ता निवळत गेला. काजूला मोहर आला होता आणि त्याचा आंबूस गोड वास बंद काचांतूनही येत होता. खाली खोऱ्यात वायंगणी भात, म्हणजे इकडचं हिवाळी भात, कोवळं हिरवं उभं होतं. आमच्याकडे या दिवसांत उसाचा पाला दिसतो, इतका ओला हिरवा रंग मी जानेवारीत पाहिला नव्हता. इब्रामपूरला महाराष्ट्राची हद्द इतकी लागून आहे, की घराघरांतल्या निम्म्या सोयरिकी दोडामार्गात आहेत. तन्वीचं घर उतारावर आहे, पुढे अंगण, मागे माड आणि पोफळी. तिचे वडील ट्रकवर असतात, त्या दिवशी बाहेरगावी होते. आई घरी होती. तिचं नाव शैला.

शैलाताईंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. तन्वी आत होती. सुलभाने विषय काढला तसा त्यांचा चेहरा बंद झाला. त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक आणि जमिनीकडे पाहत. मुलगी लहान असताना त्या तिला घेऊन काजूच्या बागेत गेल्या होत्या. त्या फांदी बाजूला करून पुढे गेल्या, फांदी परत आली. पणजीच्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण डावा डोळा गेला. वरून काही कळत नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोरीलाही सांगू दिलं नाही. पुढे तिचं लग्न व्हायचं आहे. आणि आता काल सगळ्या मुलांसमोर ती बोलून बसली, आज मामाच्या वस्तीत चर्चा असेल, उद्या गावात.

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी मला अडवलं नाही, ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तुमी दोन दिसांनी जातलात, टीचर. आमका हयच रवचा आसा."

खरंच होतं, आम्ही निघून जाणार होतो आणि इथे राहायचं त्यांना होतं.

शेवटी मला जे येतं तेच करायचं ठरवलं. तन्वीला बाहेर हाक मारली आणि घरातला खराटा मागितला. त्याचे दोन हीर काढले, केळीच्या खुंटाचे दोन तुकडे करून त्यांत उभे खोवले आणि अंगणात एकामागे एक ठेवले. सुलभाने लॅबमध्ये हे किती वेळा केलं असेल, पण तीही पदर खोचून शेजारी उकिडवी बसली. दोन हीर एका रेषेत दिसतात, पण ते खरोखर एकाच जागी आहेत की मागेपुढे, हे कसं ओळखायचं? डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. डोक्याच्या उलट दिशेला सरकेल तो जवळचा. दोघं एकमेकांना न सोडता बरोबर हलले की ते एकाच जागी आले. याला पॅरॅलॅक्स घालवणं म्हणतात. लॅबमध्ये एक टाचणी खरी असते आणि दुसरी तिची आरशातली प्रतिमा, एवढाच फरक.

मी माझा डावा डोळा मिटला. सुलभाने तिचा मिटला. तन्वी आमच्याकडे बघत होती.

"डोळा का मिटला, टीचर?"

"दोन्ही उघडे ठेवले तर प्रत्येक हिराच्या दोन-दोन प्रतिमा दिसतात. जुळवता येत नाही," मी म्हटलं. "प्रॅक्टिकलला सगळेच एक डोळा मिटतात."

"सगळे?"

"सगळे. परीक्षकसुद्धा."

तिने आमच्या दोघींच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पुन्हा पाहिलं. मग अंगणात पालथी पडली, हनुवटी जमिनीला लावली, आणि मान हलवत, हात लांब करून एक तुकडा इंच इंच सरकवू लागली. जुळले तेव्हा तिने सांगितलं नाही, नुसती हसली. मी वाकून पाहिलं. मला याहून नीट जुळवता आले नसते. तिने ते पुन्हा मोडले आणि पुन्हा जुळवले, आम्ही सांगितलं नसताना. अरविंदही एक डोळा मिटून प्रयत्न करायला बसले, आणि त्यांना बराच वेळ जमलं नाही, त्याचं तन्वीला फार बरं वाटलं.

शैलाताई मात्र बाहेर आल्या नाहीत. आतून फक्त फोडणीचा वास आला. जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही, असं त्यांनी तन्वीकडून सांगून पाठवलं. नाचणीची भाकरी, मुळ्याची भाजी, सुक्या सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, खोबरं घातलेलं किसमूर आणि सोलकढी. वाढताना त्यांनी अरविंदच्या पानातलं किसमूर संपू दिलं नाही. निघताना सुलभाने सांगितलं, की उद्या संध्याकाळी केरीच्या किनाऱ्यावर दुर्बीण लावणार आहोत, तन्वीला पाठवा. शैलाताई दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. केरीला आपलं माहेर आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. मी कोल्हापूरला परतल्यानंतर प्रॅक्टिकल झाली. तन्वीला अंतर्वक्र आरसाच आला. टेबलाशी गेल्यावर तिने आधी परीक्षकांना आपल्या डोळ्याबद्दल सांगितलं, आणि मग टाचण्या जुळवल्या. सुलभा दाराबाहेर फेऱ्या मारत होती. बाहेर आल्यावर तन्वीने तिला सांगितलं, की परीक्षकांनी तिने जुळवलेल्या टाचण्या तपासल्या तेव्हा त्यांनीही एक डोळा मिटला होता. लेखी परीक्षा अजून व्हायची आहे. गावात चर्चा झाली, ती अजून होते. एका ठिकाणाहून लग्नाची विचारणा येणार होती ती आली नाही, असं शैलाताईंनी सुलभाला सांगितलं. तन्वीने त्यावर बरं झालं, मला शिकायचं आहे, असं म्हटलं म्हणे.

केरी

समुद्राची केरी खरोखरच लांब आहे, दुकानदार खोटं बोलला नव्हता. पण पोचल्यावर सगळं माफ होतं. किनाऱ्याला सुरूची दाट रांग आहे, तिच्यातून वारा शीळ घालतो. उत्तरेला खाडी, आणि खाडीपलीकडे उंचावर तेरेखोलचा किल्ला. दुपारी आम्ही एका घरगुती खानावळीत मोरीचं मटण खाल्लं. मोरी म्हणजे लहान शार्क. आमच्याकडे मटण म्हटलं की बकऱ्याचं, दुसरा विचार मनात येत नाही. अरविंदनी कोल्हापुरी अभिमान बाजूला ठेवून रस्सा वाटीने प्यायला.

सूर्य अजून दोन हात वर होता तेव्हा आम्ही दुर्बीण वाळूत रोवली. रेती आरशावर जाऊ नये म्हणून नळीचं तोंड सुलभाच्या ओढणीने बांधून ठेवलं. साखळीहून काही मुलं आली होती. ती पाण्यात उतरली आणि आम्हाला विसरली. सूर्य समुद्रात गेला. पाठीमागे टेकडीवरून पौर्णिमेचा चंद्र वर येऊ लागला, तांबूस, चपटा. खरं तर दुर्बिणीवाल्यांना पौर्णिमा आवडत नाही. सावल्या नसल्यामुळे विवरं सपाट दिसतात. पण असा चंद्र वर येताना हे कुणाला सांगवत नाही.

मायलेकी सुरूच्या झाडांतून आल्या. शैलाताईंनी चांगली साडी नेसली होती, हातात माहेरून आणलेली पिशवी होती. तन्वी पळत मुलांकडे गेली. शैलाताई दुर्बिणीपासून थोड्या लांब उभ्या राहिल्या. मी बोलावलं तरी पुढे येईनात. चंद्र रोज दिसतोच, असं म्हणाल्या. म्हणून मी नळी समुद्राकडे वळवली. लांब पाण्यात एक होडी परतत होती, तिच्यावर दोन माणसं उभी होती. ती दुर्बिणीत धरली आणि त्यांना म्हटलं, ही बघा, तुमच्या माहेरची असेल.

त्या आल्या. डोळा कसा लावायचा ते मी दाखवलं. दोन्ही उघडे ठेवले तर गोंधळ होतो, म्हणून एका हाताने दुसरा डोळा झाका, असं सांगितलं. त्यांनी तळहात डाव्या डोळ्यावर ठेवला आणि वाकल्या. होडी उलटी, माणसं डोक्यावर उभी, समुद्र वर आणि आकाश खाली. शैलाताईंना एकदम हसू आलं. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. अशा दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, ताऱ्यांना त्याने फरक पडत नाही, असं मी सांगू लागले. पण माझ्या लक्षात आलं की त्या ऐकत नाहीत.

त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या आणि डोळ्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता. तसाच धरून त्या समुद्राकडे पाहत होत्या. मग किल्ल्याकडे. मग पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे. त्यांनी तन्वीला हाक मारली. ती ओल्या पायांनी आली.

"तुका असाच दिसता?" शैलाताईंनी विचारलं.

तन्वीने आईचा झाकलेला डोळा पाहिला, कुठला झाकला आहे ते पाहिलं. "हय," ती म्हणाली.

"माका वाटायचा, त्या बाजूक तुका सदाच काळोख आसतलो."

"काळोख नाय गे, आई. त्या बाजूक कायच नाय. मान वळवली की दिसता."

शैलाताईंनी मान वळवली. डावीकडची सुरूची झाडं त्यांच्या नजरेत आली असावीत, कारण त्या तिकडे बघत राहिल्या. त्यांचा उघडा डोळा भरून आला होता. "आणि मी इतकी वर्सां रडलंय," त्या म्हणाल्या.

मी आणि सुलभा दुर्बिणीशी काहीतरी करत असल्यासारखं करत राहिलो. शैलाताई तशाच, हात डोळ्यावर ठेवून, ओल्या वाळूवरून चालू लागल्या. चार पावलं गेल्यावर एका खळग्यात त्यांचा पाय अडखळला. तन्वी झटकन त्यांच्या झाकल्या बाजूला गेली आणि तिने त्यांचा दंड धरला. पुढे काय आहे ते ती त्यांना सांगत होती, दगड आहे, आता पाणी येईल, आता सरळ. शैलाताईंनी हात खाली घेतला नाही. चंद्राच्या उजेडात त्या दोघी हळूहळू किनाऱ्याच्या पार टोकापर्यंत गेल्या, आणि तिथून वळून परत आल्या.